ग्रँड कॅन्यनमध्ये आत्यासाठी वाट निवडताना: वय ६९, गुडघ्याची झीज आणि परतीची चढण

आधी परिस्थिती सांगतो. आत्या ६९ वर्षांची, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली, राहते पुण्यात, आणि गेली कित्येक वर्षं रविवारी पहाटे सिंहगड चढणाऱ्या मंडळींपैकी एक. तब्येत चांगली आहे पण कागदावर दोन गोष्टी आहेत, उजव्या गुडघ्यात झीज आणि बीपीची रोजची गोळी. शुगर नाही, हार्टचं काही नाही. आम्ही राहतो अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला, ती ऑक्टोबरच्या शेवटी शेवटी आमच्याकडे आली होती आणि येण्याआधीच तिने फोनवर सांगून ठेवलं होतं की ग्रँड कॅन्यन मला वरून बघून परत यायचं नाहीये, आत उतरायचंय.

हे तिच्या डोक्यात आलं कुठून तर आल्फ्रेडो आलियागा नावाच्या ९२ वर्षांच्या गृहस्थांच्या बातमीवरून, त्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रँड कॅन्यन एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, म्हणजे साधारण २४ मैल, दोन दिवसांत पायी पार केलं होतं. ती बातमी तिच्या ट्रेकच्या ग्रुपवर फिरली आणि मग "९२ चा माणूस जातो तर मी का नाही" हे सुरू झालं. मला तिचा हा उत्साह मनापासून आवडतो, तो मोडायचा नव्हताच. पण अशा बातम्यांमध्ये त्या माणसाची कित्येक महिन्यांची रोजची तयारी एका ओळीत संपते आणि वय तेवढं हेडलाइनमध्ये येतं, म्हणून मी तिला सांगितलं की तू जाणार हे नक्की, फक्त किती खाली जायचं ते आपण नीट बसून ठरवू.

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण इकडे मुलांकडे येणाऱ्या बऱ्याच आईवडिलांचं असंच होतं. एकतर त्यांना व्ह्यूपॉइंटवर उभं करून फोटो काढून परत आणतात किंवा मग कुणीतरी "अरे काही नाही, सोपं आहे" म्हणून नको तिथे खाली नेतं. मधला रस्ता आहे, आणि चांगला आहे.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आधी. सह्याद्रीत आपण ताज्या पायांनी, पहाटेच्या गारव्यात चढतो, आणि थकल्यावर उतरतो. दम संपला तर अर्ध्यातून मागे फिरलं की उतारच उतार. कॅन्यनमध्ये हे बरोब्बर उलटं असतं. सुरुवात उताराने, पाय आपोआप पळतात, वाटतं की काय मस्त चाललोय, आणि चढण येते ती थकल्यावर, ऊन वर आल्यावर आणि बाटलीतलं पाणी अर्धं झाल्यावर. तिथल्या पार्क सर्व्हिसच्या (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या) पाट्यांवर लिहिलेलंच असतं की खाली जाणं तुमच्या मर्जीवर आहे, वर येणं सक्तीचं आहे. त्यामुळे वाट निवडताना "किती मैल" हा प्रश्न जवळजवळ बिनकामाचा आहे, विचारायचं ते हे की परत येताना किती फूट चढायचंय, कुठल्या वेळेला, आणि मध्ये सावली-पाणी आहे का.

दुसरं म्हणजे उंची. लोक कॅन्यन म्हटलं की दरी समजतात आणि दरी म्हणजे खोलगट सखल जागा, पण साउथ रिम म्हणजे दक्षिणेकडचा काठ समुद्रसपाटीपासून जवळपास ७००० फुटांवर आहे, २१०० मीटरच्या पुढे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे चढण संपते ती महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखरापेक्षाही बऱ्याच वर, आणि दम लागायचा तो नेमका शेवटच्या टप्प्यात लागतो. फिनिक्स साधारण ११०० फुटांवर, तिथून सकाळी निघून दुपारी थेट ट्रेलवर उतरायचं हे वय कमी असलं तरी मी करणार नाही.

तिसरं, हवा कोरडी. सिंहगडावर घाम दिसतो, शर्ट भिजतो, आपोआप पाण्याची आठवण होते. इथे घाम आल्याआल्या उडून जातो, कपडे कोरडे, त्यामुळे शरीरातलं पाणी चाललंय हे कळतच नाही. आणि नुसतं पाणी ढोसत राहिलं, खाल्लं काहीच नाही, तर रक्तातलं सोडियम कमी होऊन चक्कर, मळमळ, गोंधळलेपण असं होऊ शकतं, तेही तितकंच धोक्याचं. आत्याच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे, त्यामुळे हा मुद्दा आम्ही निघायच्या खूप आधी पुण्यातल्या तिच्या डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही कारण ते तिच्यापुरतं आहे, पण ज्यांना बीपीची गोळी आहे त्यांनी उन्हातल्या चालण्याबद्दल आणि मीठ घातलेल्या पाण्याबद्दल स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नका.

आता पर्याय. साउथ रिमवरून खाली जाणाऱ्या आणि नीट राखलेल्या मुख्य वाटा दोनच, साउथ कायबाब आणि ब्राइट एंजल. आत्याला हवी होती साउथ कायबाब, कारण फोटो सगळे तिथले. खरंच आहे ते, ती वाट डोंगराच्या सोंडेवरून उतरते त्यामुळे दोन्ही बाजूंना कॅन्यन उघडं दिसतं. त्या वाटेवर ऊ-आ पॉइंट नावाची जागा १ मैलाच्या आतच आहे आणि सीडर रिज दीड मैलावर, साधारण ११४० फूट खाली. ब्राइट एंजलवर दीड मैलावरचं विश्रांतिघर आहे ते ११३१ फूट खाली. म्हणजे कागदावर दोन्ही सारखेच, दीड मैल जा, दीड मैल या, अकराशे फूट चढा. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ज्याचे फोटो भारी ती वाट पकडतात.

पण या दोन वाटा अशा का आहेत हे बघितलं की निवड सोपी होते. ब्राइट एंजल ही मुळात हवासुपाई या तिथल्या मूळ रहिवाशांची वाट, खाली झऱ्याच्या पाण्यापर्यंत जाणारी, आणि ती जमिनीतल्या एका मोठ्या भेगेच्या, फॉल्टच्या कडेने घळीतून उतरते. माणसं पाण्यासाठी ज्या वाटेने जात होती ती वाट साहजिकच पाण्याजवळून जाते, आणि घळीत असल्यामुळे सकाळी कड्याची सावली मिळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राल्फ कॅमेरून नावाच्या माणसाने या वाटेवर हक्क सांगून प्रत्येकी एक डॉलर टोल घ्यायला सुरुवात केली होती, त्याच्याशी भांडण मिटेना म्हणून पार्क सर्व्हिसने १९२४-२५ मध्ये स्वतःची वेगळी वाट खोदून काढली, तीच साउथ कायबाब. ती टोल चुकवायला आणि तळाच्या कोलोरॅडो नदीपर्यंत लवकर पोचायला बांधलेली, म्हणून सोंडेवरून थेट उतरते, तिथे पाणी नाही आणि सावली जवळजवळ नाहीच. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या भांडणाचा परिणाम आज आपल्या आत्या-काकांच्या गुडघ्यावर होतो, असं मला ते वाचल्यावर वाटलं.

गुडघ्याचंही बोलू. साउथ कायबाबवर लाकडाचे ओंडके आणि दगड लावून केलेल्या पायऱ्या खूप, आणि खेचरांच्या खुरांनी मधली माती उकरली गेलेली असते त्यामुळे एकेक पायरी फूटभर उंच होते. झीज झालेल्या गुडघ्याला बहुतेक वेळा चढणीपेक्षा उतार जास्त त्रास देतो, त्यातही उंच पायरीवरून धपकन खाली टेकणं सगळ्यात जास्त. ब्राइट एंजलवर पायऱ्या अजिबात नाहीत असं नाही पण वरच्या भागात बराचसा सलग उतार आहे, पाऊल लहान ठेवता येतं. शिवाय तिच्या दीड मैलावर बसायला छप्पर आहे, संडास आहे, फोन आहे, आणि उन्हाळ्याच्या मोसमात प्यायच्या पाण्याचा नळ. मोसमात हा शब्द लक्षात ठेवा, थंडीत पाइप फुटू नये म्हणून ते पाणी बंद करतात, आणि मुख्य पाइपलाइन १९६० च्या दशकातली जुनी असल्यामुळे ती मध्येच फुटते आणि मोसमातही नळ कोरडा असू शकतो. म्हणून आदल्या दिवशी रेंजर ऑफिसात विचारायचं आणि तरीही जाण्यायेण्याचं पूर्ण पाणी पाठीवर घ्यायचं.

अजून एक साधी गोष्ट जी वयस्कर माणसासाठी मोठी आहे. साउथ कायबाबच्या सुरुवातीला खासगी गाडी नेता येत नाही, शटल बसने जावं लागतं, म्हणजे वर आल्यावर बसची वाट बघत उन्हात उभं राहणं आलं. ब्राइट एंजल काठावरच्या ग्रँड कॅन्यन व्हिलेज या वस्तीतच सुरू होते, लॉज आणि गरम चहा अगदी जवळ.

बाकीचे पर्यायही बघितले होते. शेजारच्या युटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्कमधला रिव्हरसाइड वॉक सपाट, नदीकाठाने, जाऊन येऊन २ मैलांच्या थोडं वर, ज्यांना चढण जमतच नाही त्यांना मी डोळे मिटून तो सांगेन, पण आत्याला तो "बागेत फिरल्यासारखा" वाटला. युटातल्याच ब्राइस कॅन्यनमधला नावाहो लूप आणि क्वीन्स गार्डन जोडून केलेला फेरा सुंदर आहे, साधारण ३ मैल आणि सहाशे फूट, पण तो ८००० फुटांवर, आणि आमच्यापासून लांब. अँटलोप कॅन्यन ही अरुंद घळ गाइडशिवाय करताच येत नाही आणि तिच्या लोअर नावाच्या भागात लोखंडी शिड्या आहेत. हे सगळं चांगलं आहे पण तिला उतरायचं होतं ते ग्रँड कॅन्यनमध्येच, आणि माणसाची इच्छा हाही निवडीतला एक खरा मुद्दा असतो.

आता ११३१ फूट म्हणजे किती हे तिला कसं समजवायचं? तिची मोजपट्टी सिंहगड. आतकरवाडीपासून वर दरवाजापर्यंत चढ धरला तर सहाशे मीटरच्या आसपास, आणि ११३१ फूट म्हणजे ३४५ मीटर. अर्ध्या सिंहगडापेक्षा थोडं जास्त. ऐकल्यावर तिचा चेहरा पडला, "एवढंच?" म्हणाली. मी म्हटलं अगं आत्या, हे एवढंच उलटं करून बघ. निघायच्या आधीच्या आठवड्यांत तिने तेच केलं, शेअर जीपने गडावर वर जायचं, पायवाटेने अर्ध्यापर्यंत खाली उतरायचं आणि मग चढून परत वर. तिच्या ग्रुपमधल्यांना हे विचित्र वाटलं पण तिलाच पहिल्यांदा कळलं की उतरून आल्यावर मांड्या थरथरत असताना चढायला लागणं हे वेगळंच प्रकरण आहे. हा सराव मी सगळ्यांना सांगेन. पुण्यात सिंहगड आहे, मुंबईकरांना माथेरानच्या पायवाटा आहेत, जिथे गाडी किंवा ट्रेन वर जाते अशी कुठलीही जागा चालेल.

ट्रेकिंग पोल दोन घ्यायचे, एक नाही. तिने कधी वापरले नव्हते, "काठी म्हातारे घेतात" हे तिचं मत होतं, ते सिंहगडावरच बदललं. उतारात पोल थोडे लांब करायचे, चढणीला थोडे आखूड.

फिनिक्सहून आम्ही थेट कॅन्यनला गेलो नाही, आदल्या दिवशी फ्लॅगस्टाफला मुक्काम केला, ते गाव पण जवळपास ६९०० फुटांवर आहे त्यामुळे हवेची सवय व्हायला मदत. आणि फ्लॅगस्टाफच्या जवळच वॉलनट कॅन्यन नावाची छोटी जागा आहे, सिनाग्वा या तिथल्या प्राचीन लोकांनी कड्याच्या कपारीत बांधलेली आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची घरं आहेत तिथे, आणि त्यांच्याजवळून जाणारी आयलंड ट्रेल १ मैलाचीच पण १८५ फूट खाली पायऱ्यांनी उतरून तेवढंच वर यावं लागतं. आम्ही ती चाचणी म्हणून केली. उंची, कोरडी हवा, उतार आधी आणि चढ नंतर, सगळं लहान प्रमाणात एका तासात कळतं. तिथेच ज्यांची छाती भरून येते त्यांनी दुसऱ्या दिवशी काठावरच फिरावं, त्यात कमीपणा काही नाही. आत्याला दम लागला, दोनदा थांबली, पण पाच मिनिटांत श्वास जागेवर आला. आणि ती घरं तिला फार आवडली, कपारीतल्या भिंतींवर धुराचे काळे डाग अजून दिसतात ते बघून बराच वेळ तिथे उभी होती.

मागे कधी फिरायचं हे आम्ही आदल्या रात्री वर असतानाच ठरवलं, कारण खाली गेल्यावर प्रत्येकाला "अजून थोडंसं" वाटतंच. ब्राइट एंजलवर दोन बोगदे लागतात, दुसरा बोगदा साधारण पाऊण मैलावर, सहाशे फुटांच्या जरा आत. तिथे पहिली तपासणी. गुडघा टोचत असेल, बोलताना वाक्य तुटत असेल किंवा तिथपर्यंत यायला पाऊण तासाच्या वर लागलं असेल तर तिथूनच परत. ते जमलं तर विश्रांतिघर, आणि विश्रांतिघर हा शेवट, कितीही छान वाटलं तरी त्याच्या खाली नाही. पार्कचा हिशेब असा की उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरायचा, आम्ही तोच धरला आणि वर आणखी अर्धा तास ठेवला.

सकाळी उजेड झाल्या झाल्या निघालो. काठावर कडाक्याची थंडी होती, खाली उतरू तसं गरम होतं, दर हजार फुटांना साधारण ३ सेल्सियसने वाढतं, त्यामुळे स्वेटर, वर वाऱ्याचं जाकीट असे थर घातले होते आणि एकेक काढत गेलो. सुरुवातीलाच पार्कचे स्वयंसेवक भेटले, कुठपर्यंत जाणार, पाणी किती, खायला काय असं विचारत होते. त्यांचं हेच काम, लोक अडचणीत येण्याआधी त्यांना अडवणं. आत्याने त्यांना शेंगदाणे, चिवडा आणि इलेक्ट्रलची पाकिटं उघडून दाखवली, मीठ आहे म्हटल्यावर ते खूश.

वेग ठरवायची आत्याची पद्धत मला फार पटली. ती चालताना पाढे म्हणते. एकोणीसचा पाढा न अडखळता एका लयीत म्हणता आला तर वेग बरोबर, मध्ये श्वास तोडावा लागला तर हळू. घड्याळातल्या हार्टरेटपेक्षा हे चांगलं कारण काही बीपीच्या गोळ्यांनी ठोके तसेही वाढत नाहीत आणि आकडा फसवतो.

मध्ये खेचरांचा तांडा वर आला. अशा वेळी डोंगराच्या बाजूला, कड्यापासून लांब, भिंतीला चिकटून गप्प उभं राहायचं आणि पुढचा माणूस सांगेल ते ऐकायचं. हे घरच्यांना आधी सांगून ठेवा, आपल्याकडची माणसं सवयीने बाहेरच्या बाजूला सरकून जागा देतात आणि इथे तेच धोक्याचं.

दुसऱ्या बोगद्याशी सगळं ठीक होतं, विश्रांतिघराला पोचायला सव्वा तासाच्या आसपास लागलं. नळाला पाणी होतं. भरपूर वेळ बसलो, बूट काढले, चिवडा खाल्ला, आणि खारींना काहीही दिलं नाही. त्या अगदी मांडीवर येतात, गोड दिसतात, पण चावतात आणि खायला घालणं नियमाविरुद्ध आहे. इथून वर बघितलं की पांढरा कोकोनिनो वालुकाश्म भिंतीसारखा उभा दिसतो आणि आपण तिथून आलो यावर विश्वास बसत नाही. आत्याला खाली अजून जायचं होतं. खालून, पुढच्या थ्री माइल विश्रांतिघराहून, लोक येत होते, ती मला म्हणालीही, "अरे, मला अजिबात थकवा नाहीये." मी म्हटलं आत्या, उतारावर कुणालाच नसतो, आणि आदल्या रात्रीचा कागद दाखवला. ती गणिताची बाई, लिहिलेलं मान्य केलं.

वर यायला अडीच तास लागले. पहिला अर्धा भाग सावलीत छान गेला. दुसऱ्या बोगद्याच्या वर मात्र ऊन वाटेवर आलं होतं, हवा विरळ, पाढा दर ओळीला तुटायला लागला. तिथे आम्ही प्रत्येक वळणावर मिनिटभर थांबलो, दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं बसून पाय वर टेकवले, दोन घोट आणि मूठभर शेंगदाणे. काठावर पोचलो तेव्हा ती थकली होती पण बोलत होती, हसत होती, जेवली व्यवस्थित. माझ्या मते हीच बरोबर वाटेची खूण. वर येऊन आडवं पडावं लागलं असतं तर ती वाट जमली असं मी म्हटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या होत्या, त्यामुळे ऊ-आ पॉइंटचा विचार सोडला आणि काठाच्या रिम ट्रेलवर फिरलो. ही वाट कमी लेखू नका, साधारण १३ मैल आहे पण बराच भाग फरसबंदी, आणि पश्चिमेच्या हर्मिट रोडवर शटल थांबे आहेत त्यामुळे एका पॉइंटपासून दुसऱ्यापर्यंत चालायचं आणि दमलो की बस. यावापाई म्युझियमपासूनच्या पट्ट्यात जमिनीवर काळाची रेघ आखली आहे, प्रत्येक मीटरला १० लाख वर्षं, आत्याने ती पूर्ण चालली आणि मध्ये मध्ये भागाकार करत होती.

पैशांचं थोडं. ६२ च्या पुढच्यांचा सीनियर पास अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळतो, व्हिजिटर म्हणून आलेल्या आईवडिलांना नाही. आणि व्हिजिटर इन्शुरन्समध्ये आधीच्या आजारांबद्दलचं कलम नीट वाचा, तिथून खरोखर उचलून आणायची वेळ आली तर हेलिकॉप्टर लागू शकतं.

आता तिचं पुढचं. पुढच्या खेपेला थ्री माइल विश्रांतिघर म्हणतेय, ते २११२ फूट खाली, म्हणजे ६४४ मीटर, अख्ख्या सिंहगडापेक्षा थोडं जास्त आणि तेही उलटं. नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत हे मी तिला कधीच करू देणार नाही, पार्कवाले तरुणांनाही नको म्हणतात. फँटम रँचला, म्हणजे तळाशी नदीजवळच्या लॉजमध्ये, मुक्काम करायचा तर १५ महिने आधी लॉटरीत नाव टाकावं लागतं, ते मी टाकणार आहे. तोपर्यंत ती रविवारी जीपने गडावर जाते, पूर्ण आतकरवाडीपर्यंत उतरते, चढते आणि दोन्हीला लागलेला वेळ मला मेसेज करते. चढायची वेळ उतरायच्या दुपटीच्या आत आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजलेला नसेल, असं सलग काही आठवडे दिसलं तर थ्री माइल, नाहीतर परत दीड मैलच, आणि महिना ऑक्टोबरच.